मागून बसलेला दणका

आयुष्यभर कपडे शिवून आता घरी बसलेले बाबा लेकीच्या नव्या गाडीतून पहिल्यांदाच निघाले होते. सीटची कव्हरं त्यांनीच शिवलेली, त्यामुळे गाडीवर आपला निम्मा हक्क आहे असा त्यांचा समज होता. सिग्नलला गाडी उभी होती, ब्रेक कसा अलगद दाबावा यावर त्यांचं प्रवचन रंगात आलं होतं, आणि तेवढ्यात मागून धाडकन दणका बसला.

"कोण आहे तो शहाणा?" बाबांनी दाराला हात घातला.

"थांबा!" लेकीने त्यांचा दंड धरला. "आधी सांगा, लागलं का कुठे?"

"मला काय धाड भरलीय!"

तिने धोक्याचे दिवे लावले, आरशात मागची वाहनं बघितली, मग म्हणाली, "उतरा आता. पण भांडायचं नाही हं."

बाबा तावातावाने मागच्या गाडीपाशी गेले आणि खिडकीपाशीच थबकले. आत त्यांच्याच वयाच्या एक बाई एकट्या बसल्या होत्या. स्टिअरिंग त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं, की बोटं पांढरीफटक पडली होती.

"माझीच चूक हो..." त्या पुटपुटत होत्या.

"ते राहू द्या, मावशी," लेक खिडकीशी वाकली. "ते विमावाले बघतील. तुम्हाला लागलंय का? चक्कर येतेय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली, पण हात काही सुटेनात. लेकीने बाबांना खूण केली. "तुम्ही जरा बसा यांच्याजवळ. मी पोलिसांना कळवते."

बाबा शेजारी बसले. धीर द्यायची त्यांना सवय नव्हती. बराच वेळ घसा खाकरून ते म्हणाले, "कुर्ता कुठे शिवलात? खांद्याला छान बसलाय."

"घरीच. मीच शिवते."

"तरीच! बाहेर असा खांदा कोणी काढत नाही."

बाई कसनुशा हसल्या आणि एकेक बोट सैल झालं.

तोवर लेकीने दोन्ही गाड्यांचे, नंबरांचे, रस्त्याचे फोटो काढले होते. पोलीस आले, नोंद झाली, फोन नंबर आणि विम्याचे तपशील देऊन-घेऊन झाले. मग गाडीचा पोचा बघायला बाबा मागे आले, तर मान न वळवता अख्खेच वळले.

"मान दुखतेय ना?"

"छे!"

"वळवून दाखवा."

"उद्या दाखवतो."

लेकीने गाडी तडक दवाखान्यात नेली. हाडाला काही झालं नव्हतं, स्नायू दुखावले होते. गळ्यात पट्टा आला. त्याची शिवण चाचपत बाबा डॉक्टरांनाच म्हणाले, "हे डोळे मिटून शिवलंय वाटतं."

संध्याकाळी त्या बाईंचा फोन आला. लेकीने बाबांच्या मानेचं सांगून आधी त्यांनाही तपासून घ्यायला बजावलं, मग फोन बाबांकडे दिला.

"तुमची मान कशी आहे?"

"एकदम ताठ!" बाबा म्हणाले. "तुम्ही डॉक्टरकडे कधी जाताय? एकट्या जाऊ नका. आमची लेक सोडेल. आणि मीही येईन म्हणतो, मागच्या सीटवर. तोंड बंद ठेवून."

"ते जमेल का तुम्हाला?" बाईंनी विचारलं तेव्हा लेक स्वयंपाकघरातून खो खो हसत होती.