ठशाखाली दोनदा गेलेला रुपया

मित्रांनो, मी एक जुना रुपया आहे. आज खरं वाटायचं नाही, पण एके काळी माझ्यात तोंड पाहता येत असे.

टांकसाळीत ठसा नवा असतो तेव्हा त्याला घासूनपुसून आरशासारखा करतात. मग धातूच्या निवडक कोऱ्या चकत्या त्याच्याखाली ठेवून एकेकीवर दोनदा घाव घालतात. अशी नाणी बाजारात जात नाहीत, मखमली डबीत बसतात. ठशाची चकाकी ओसरली की त्यालाच बाजारी नाण्यांच्या कामाला जुंपतात. तिथे एका नाण्याला एकच घाव, आणि नाणी धडाधड ढिगात पडतात. मी डबीतला. दुसऱ्या घावानंतर मला काही जाणवेनासं झालं, ते आजतागायत.

टांकसाळीत कामाला असलेल्या भिकूने आपल्या पगारातून ती डबी विकत घेतली आणि मला मुळशी तालुक्यातल्या माले गावी आणलं. भाऊबीजेला त्याच्या बहिणीने, सगुणाबाईने ओवाळलं, तेव्हा त्याने मला तिच्या ताटात ठेवलं.

"बाजारातला रुपया न्हाई ह्यो, आक्का," तो म्हणाला. "कड बग, कशी धारंची हाय. शिंव्हाच्या आयाळीचा क्येस न् क्येस मोज. आन् मोकळी जागा तर निस्ता आरसा."

"मग ह्यो मोडायचा न्हाई," सगुणाबाई म्हणाली. तिने मला लुगड्याच्या चिंधीत बांधलं आणि कणगीत ठेवलं. शेजारणी आल्या की चिंधी सोडून मला दाखवायची. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

पुढल्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या, गेणबाच्या पायाला कोयता लागला. जखम चिघळली, पाय काळा पडला. पौडचे डॉक्टर म्हणाले, "उद्याच पुण्याला न्या. पाय जाईल, पण माणूस वाचेल."

"पाय तोडून मी काय करू?" गेणबा म्हणाला. "वाघजाईला इचार. ती म्हनंल तसं."

वाघजाईच्या देवळात कौलाची शिळा आहे. तेलाशेंदराने माखलेल्या त्या शिळेवर नाणं दाबायचं. चिकटलं तर देवीचा होकार, पडलं तर नकार. सगुणाबाईच्या कनवटीला झिजलेली नाणी होती. पण देवीपुढे चांगलंच न्यावं म्हणून तिने मला काढलं.

"आई, पुन्याला न्येऊ का?" तिने मला शिळेवर दाबलं. मी पडलो. तिने मला पदराला पुसून पुन्हा दाबलं. मी पुन्हा पडलो.

मित्रांनो, देवीने नाही म्हटलं नव्हतं. माझी धारेची कड आणि उठावाचे सिंह मला शिळेला नीट टेकूच देत नव्हते. कनवटीचं गुळगुळीत नाणं सहज बसलं असतं. मला हे कळत होतं, पण मला वाचा नाही.

"न्हाई म्हन्ती," एवढंच म्हणून ती घरी गेली.

त्याच आठवड्यात गेणबा गेला. सगुणाबाई रडली नाही. दहाव्याचं सामान आणायला गेली तेव्हा तिने मला हैबतराव दुकानदारापुढे टाकलं.

"लई चकाकतुया. खोटा तर न्हाई?" त्याने मला दगडावर आपटून पाहिलं.

"खरा हाय," ती म्हणाली.

मग गल्ल्यात, खिशांत, फरशांवर मी घासत राहिलो. कड बोथट झाली, आयाळ पुसली गेली, आरसा तर केव्हाच गेला. चार बाजारी रुपयांतून मला कुणी वेगळा काढू शकलं नसतं. त्याचंही मला काही वाटलं नाही.

बऱ्याच वर्षांनी गोजराबाई नावाच्या बाईने मला त्याच शिळेवर दाबलं. म्हैस घ्यावी का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी पहिल्याच खेपेला चिकटलो.

देऊळ झाडणारी म्हातारी हातातली केरसुणी थांबवून जवळ आली. ती सगुणाबाई होती. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, पण ओळखलं नाही.

"नशिबाची हायेस बग," ती गोजराबाईला म्हणाली. "लगीच लागला."

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. घरात माणूस आजारी पडलं तर त्याला दवाखान्यात न्या. रुपया तिथे खर्च करा. रुपयाला काही विचारू नका.