शिंप्याच्या पाठीत चोपन्न वर्षे

मित्रांनो, मी एक जुना विषाणू आहे, कांजिण्यांचा. माझा मुक्काम एका शिंप्याच्या पाठीत, कण्याजवळच्या मज्जातंतूच्या मुळाशी असतो.

तो सात वर्षांचा असताना बहिणीच्या श्वासातून मी त्याच्यात शिरलो. काय दिवस होते ते! त्याच्या अंगभर पाणीदार फोड उठले, आणि पंधरा दिवसांत शेजारची तीन मुलेही आडवी झाली. मग त्याच्या शरीराने मला ओळखले आणि पिटाळले. खपल्या पडल्या, सगळ्यांना वाटले गेलो. मी मात्र मज्जातंतू धरून आत सरकलो आणि दडून बसलो.

तेव्हापासून सर्दीच्या विषाणूचे नाव निघाले की माझा जळफळाट होतो. त्याला कष्ट म्हणून नाहीत. गिऱ्हाईक हातावर शिंकते, त्याच हाताने मापाची टेप धरते, ती टेप शिंप्याच्या गळ्यात जाते आणि शिंपी नाक चोळतो. झाले काम. दोन दिवसांनी बायको शिंकू लागते. आठवड्याभरात तो या घरातून संपतो, पण तोवर पुढच्या गल्लीत पोचलेला असतो. पुढच्या वर्षी त्याचाच एखादा भाऊबंद येतो आणि शरीर त्याला ओळखतही नाही. फिरती त्याची आणि कोंडवाडा माझा.

मागच्या वर्षी गणवेशांच्या कामात शिंपी महिनाभर धड झोपला नाही. शरीराचा पहारा ढिला पडला. मी तंतूवरून थेट उजव्या बरगडीखाली उतरलो. आधी आग, मग फोडांची रांग.

दुसऱ्याच दिवशी मुलगी दीड महिन्याच्या नातीला घेऊन आली. मी त्या दोघींना कधी भेटलो नव्हतो. फोडातले पाणी लागायचाच अवकाश होता.

"बाबा, उघडे का बसलात?"

"इस्त्री लागली गं. कापड टेकलं तरी आग होते. दे तिला इकडे."

"चाळीस वर्षं इस्त्री करताय, ती आत्ता लागली?" बायको म्हणाली. "आणि तीही अशी टीप मारल्यासारखी?"

मुलीने बाळ छातीशी घट्ट धरले. "आधी डॉक्टर, मग नात."

डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत सांगितले, "नागीण आहे. लहानपणच्या कांजिण्या आत दडून होत्या, त्या उठल्यात." मग मुलीकडे वळल्या. "तुम्हाला येऊन गेल्यात?"

"नाही."

"मग खपल्या धरेपर्यंत फोड झाकलेले हवेत. बाळाला यांनी घ्यायचं नाही."

एकदा तरी हा घेईल, अशी माझी आशा होती. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसला. मुलीने बाळाला टेप लावून आकडे सांगायचे, त्याने तिकडूनच लिहून घ्यायचे. अशी दोन झबली बेतली गेली. बारा दिवस गेले. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी माझी वाढ रोखली, फोड वाळले, मी हात हलवत परतलो.

मग त्याने हात धुतले आणि नातीला घेतले. तिने नेमके दुखऱ्या बरगडीवर डोके टेकले. तो कळवळला, पण तिला हलवले नाही. चोपन्न वर्षे मी त्याच्या इतका जवळ आहे, आणि त्याचा जीव मात्र तिच्यात. सर्दीच्या फिरतीचेही मनाला एवढे कधी लागले नव्हते.

मित्रांनो, शिंकताना तोंड झाका, हात धुवा, झोप मोडू नका. अंगाच्या एकाच बाजूला फोडांची रांग उठली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हे सांगताना माझा जीव जळतो. तुम्ही एवढे केलेत, तर तुमच्यातला मीही आहे तिथेच कोंडलेला राहीन, आणि तुमची नात तुमच्या मांडीवर.