बिनअत्तराची स्वारी

व्हर्सायच्या शाही पागेशेजारी माझं हातमोज्यांना अत्तर लावायचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून मी एकटीच ते चालवत होते. दरबारातल्या निम्म्या बायका माझेच मोजे घालायच्या आणि सगळ्यांना हवा असायचा तो जवादीचा वास. जवादी मांजराचा तो चिकट मद नुसता हुंगला तर मळमळतं. पण कणभर घेऊन नारिंगीच्या फुलांच्या तेलात मुरवला, की माणूस मागे वळून बघतं.

त्या वसंतात स्पेनहून ओराज नावाचा राखी घोडा आला. राजासमोरच्या घोडेस्वारीच्या खेळात त्याच्यावर ब्रेव्हानची तरुण काउंटेस बसणार होती. तिची बैठक पक्की होती, पण ती जवळ आली की ओराज थरथरायला लागायचा. दोनदा त्याने तिला पाडलं. चाळीस वर्षं घोडे शिकवणारे पागेतले उस्ताद आन्सेल्मही थकले. घोडा वेडा आहे, गाडीला जुंपून टाका, असं ठरत आलं होतं.

काउंटेसचे नवे मोजे द्यायला मी पागेत गेले. ओराजने माझा हात हुंगला आणि मागे सरत भिंतीला जाऊन टेकला. घामाने निथळत होता. मी जागच्या जागी उभी राहिले. माझ्या बोटांवरच्या जवादीत त्याला झडप घालणाऱ्या जनावराचा वास आला होता.

घरी येऊन मी गव्हाच्या कोंड्याने आणि आंबट शिरक्याने हात चोळचोळून धुतले. तीन दिवस बाटल्यांना शिवले नाही. चौथ्या दिवशी ओराजने तोच हात हुंगला आणि तळव्यावर ओठ टेकवले.

मग उस्तादांना घेऊन मी काउंटेसकडे गेले.

"बाईसाहेब, तुमच्या अंगाला जनावराचा वास येतो."

"तूच लावलास तो, पेरीन."

"मीच. म्हणून तर सांगायला आले."

राजासमोर बिनअत्तराचं जायचं म्हणजे परकर न नेसता जाण्यासारखंच, असं ती म्हणाली. उस्ताद छताकडे बघत राहिले. मग तिने दासीला गरम पाणी आणायला सांगितलं.

खेळाच्या दिवशी ती धुतलेल्या केसांनी, उघड्या हातांनी मैदानात आली. पंख्यांआड कुजबुज सुरू झाली. ओराज स्वतःहून तिच्याकडे चालत गेला.

दोन फेऱ्या झाल्या. मग राजाच्या आसनासमोर त्याने पुढचे पाय उचलले, सगळा भार मागच्या पायांवर घेतला आणि तसाच थांबला. एवढं मोठं जनावर, वाऱ्यानेही हलू नये असं. तिने लगाम जेमतेम दोन बोटांत धरला होता. माझ्या शेजारी उस्ताद पुटपुटत आकडे मोजत होते. मोजता मोजता तेही थांबले. हजारभर माणसं होती, आणि मला फक्त घोड्याचा श्वास ऐकू येत होता. चर्चमध्येसुद्धा मी कधी अशी मुकी झाले नव्हते.

ओराज खाली उतरला तो इतका अलगद, की वाळू उडाली नाही. उस्तादांनी टोपी काढून छातीशी धरली होती. राजा उभा राहिला.

काउंटेस पुढे अकरा वर्षं ओराजवरच बसली. जवादी मी अजून बनवते. फक्त गिऱ्हाइकाला आधी विचारते, घोड्यावर बसणार का म्हणून.