टेपवरची साफ जागा

हेमसिंगनं पेटीची मागची फळी काढली, आजून दोन मुठी रुई आत कोंबली, अन् फळी बसवून एकेक स्क्रू आवळाले लागला. सकाळपासून हे चवथ्यांदा. पेटी त्यानं सोताच्या हातानं बनवली होती, सागाची, कंबरेइतकी उंच, अन् तिच्यात बारा इंची स्पीकर. कालपर्यंत तिचा आवाज कोनी मडक्यात तोंड घालून बोलून राह्यल्यावानी येत होता.

"बस कर न बे," दारातून फुलसिंग म्हने. "पेटी हाय का गादी?"

"तू मानसं मोज."

"मोजू काय? सारे वाशिमवाल्याच्या खोलीत बसले हायेत. तुह्याकडं मी होतो अन् एक कुत्रं होतं. तेही गेलं."

सत्तावन साल होतं ते. रिसोडच्या कापसाच्या जिनात शेतकी प्रदर्शन भरलं होतं, बाकी जागी बैल, नांगर अन् सरकी, पन गोदामात अकोल्याच्या गोपीचंदशेठनं नुसता आवाज मांडला होता. रुईच्या गाठी एकावर एक रचून तीन खोल्या केल्या होत्या, रुईत आवाज घुमत नाई म्हून. एकेका खोलीत एकेकाचं मशीन. वीस मानसं आत घ्याची, सतरंजीवर बसवाची, दहा मिनिटं आयकवाचं अन् सोडाचं. ज्याच्या खोलीतून लोकं उठनार नाईत त्याले शेठ अकोल्याच्या दुकानात मशिनी बनवाच्या कामावर घेनार होता. हेमसिंग लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावत गावोगाव फिरे, अन् त्याचा आवाज इतका खराब का नवरदेवाचं नावही समजत नसे. त्याले चांगला आवाज पाह्यजे होता. दुसरं काही सुचतच नव्हतं त्याले.

दुपारी शेठ आला, टोपी काढून सतरंजीवर बसला, अर्धी रेकॉर्ड आयकली अन् हात वर केला.

"रेकॉर्डी तं सारेच लावून राह्यले, हेमसिंग. मी तुले महिनाभर टेपचं मशीन कायले देल्लं होतं? काही भरलं का त्याच्यात?"

हेमसिंगनं पेटीमागून रुमालात गुंडाळलेली चकती काढली, पन हातातच धरून ठेवली.

"भरलं हाय."

"मंग लाव."

"ते जरा घरचं हाय, शेठ."

"चांगलं हाय का?"

"चांगलं हाय," हेमसिंग म्हने. हे खोटं नव्हतं.

तेवढ्यात बायांची पाळी लागली. फुलसिंग दारात वरडून राह्यला होता, "चपला बाहेर काढा, आवाजाले माती लागते. खोकला असन तं इथंच खोकून घ्या, आत मिळनार नाई." मंग तो आत आला अन् हेमसिंगच्या कानाशी वाकला.

"रुपा आली हाय. लालसिंग जवाई बाहेर उभा हाय अन् ती बसली, पार समोर."

हेमसिंगनं मान वर केली. रुपाबाई, त्याची लहानी बहीण, घुंघट अर्धा सारून पेटीकडं पाहून राह्यली होती अन् बाजूच्या बाईले सांगत होती का हे माह्या भावानं बनवलं. अन् चकतीवरही तीच होती.

महिनाच झाला होता तिच्या लग्नाले. बंजाऱ्याईच्या तांड्यावर पोरगी सासरी निघाली का ढावलो म्हनते, रडत रडत, अन् एकेकाचं नाव घेते, बापाचं, याडीचं म्हंजे मायचं, काकाचं, भियाचं म्हंजे भावाचं. नाव आलं का त्यानं पुढं याचं, ती गळ्यात पडते, तो तिच्या डोक्यावर हात ठेवते, मंग ती दुसऱ्याचं नाव घेते. शिकवलेलं काही नसते त्याच्यात, ज्याचं त्याच्यासाठी ती तवाच जोडते. अन् हेमसिंगनं मांडवाच्या खांबाले आंब्याच्या पानात माईक बांधला होता, कोनाले न सांगता. लाउडस्पीकरचं इंजन घेऊन फुलसिंग नाल्यापल्याड बसला होता, फटफट आयकू येऊ नये म्हून, अन् हेमसिंग बाजूच्या खोपडीत, मशीनपाशी, हेडफोन लावून. मशीनले डोळ्यावानी एक हिरवा दिवा होता, आवाज वाढला का मिटे अन् कमी झाला का उघडे. तो त्या दिव्याकडंच पाहत होता. किसनसिंगचं नाव आलं, मोठा भाऊ गेला. मंग त्याचं सोताचं नाव आलं. हेडफोनात ते इतक्या जवळून आलं का त्यानं मागं वळून पाह्यलं. तीनदा आलं. तो उठलाही होता, पन दिवा असा बरोबर चालून राह्यला होता, ना जास्त ना कमी, तं त्यानं मनाशी म्हटलं, एवढं होऊ दे, मंग जातो.

मंग गाडी निघाली.

"लाव ना बे," शेठ म्हने. "बाया बसल्या हायेत."

त्यानं लावली.

पयले दोनचार बाया हसल्या, मंग एकीनं पदर तोंडाले लावला, मंग कोनी हसलं नाई. रुपाबाईचा हात सोताच्या गळ्यावर गेला अन् तिथंच राह्यला. पेटीतून ती बापाले बोलावत होती, आवाज मोकळा येये अन् एकदम दबे, जसा कोनी त्याच्यावर घोंगडं टाकलं. पुन्हा मोकळा, पुन्हा दबलेला. याडी झाली. काका झाला. किसनसिंग झाला, त्याचा हुंदकाही आला त्याच्यात. मंग, "हेमसिंग भिया."

शेठनं हेमसिंगचं मनगट धरलं.

"आता, आता आयक. बाकी जागी दाबल्यावानी येते, अन् इथं पाय. पोरगी श्वास घेते तोही आयकू येते. अर्र, हे तं समोर उभी हाय. कसं केलं हे तू?"

"झालं तसं."

"झालं तसं म्हने. पुन्हा लाव हा तुकडा."

हेमसिंगनं चकती मागं फिरवली अन् पुन्हा लावला. बाया उठल्या नाईत. दहा मिनिटं होऊन गेली तरी उठल्या नाईत, अन् वाशिमवाल्याच्या खोलीतल्या बाया दारात येऊन उभ्या राह्यल्या. शेठ जाता जाता फुलसिंगले म्हने, तुह्या दोस्ताले सांग, सोमवारी अकोल्याले ये म्हना, पेटी घेऊन.

रुपाबाई मागं थांबली. गाठीच्या आडोशाले येऊन तिनं घुंघट वर केला, अन् डोळे लाल होते पन हसूनच राह्यली होती.

"इतकी भेसूर रडली का रे मी?"

"नाई. चांगली रडली."

"चांगली रडली म्हने." तिनं त्याच्या खांद्यावर चापट मारली. मंग जरा थांबून म्हने, "ननंद आजूनही बोलते मले. तुहा दुसरा भाऊ गळ्याले आलाच नाई म्हने, कसा भाऊ हाय."

हेमसिंग तारेची गुंडाळी करत होता.

"मी सांगतलं त्याईले. मी म्हटलं, तो लय हळवा हाय, त्याच्यानं पाह्यलं नाई जात. तिकडं नाल्याकाठी जाऊन रडत असन. सासू म्हने, असा भाऊ नशिबानं भेटते. खरं हाय ना, भिया?"

गुंडाळी पुरी झाली होती. त्यानं ती उकलली अन् पुन्हा गुंडाळाले लागला.

"हव," तो म्हने.

"मंग हे भरलं कोनं?"

"फुलसिंगनं."

तिनं दाराकडं पाह्यलं. फुलसिंगनं आयकलं होतं, त्यानं तोंड उघडलं, हेमसिंगच्या तोंडाकडं पाह्यलं, अन् खाली वाकून दारातल्या चपला सरळ कराले लागला.

"लय साफ भरलं, फुलसिंग भिया," रुपाबाई म्हने. "सासूले आनतो आयकाले."

बाहेरून लालसिंगनं हाक मारली, रिठदची मोटर सुटून राह्यली होती. रुपाबाईनं घुंघट खाली घेतला, अन् जाता जाता हेमसिंगच्या हातावर हात ठेवला, तारेवरच.

"आता रडत नको जाऊ तिकडं. मी खुशीत हावो."

ती गेल्यावर फुलसिंग चपला सोडून आत आला. तो बोलल्याबिगर राहनारा मानूस नव्हता.

"माहं नाव कायले घेतलं बे?" तो म्हने.

हेमसिंगनं तार खुटीले टांगली.

"सांग ना. मले भिया म्हने ती. आता सासूले घेऊन येईन, सासू मले विचारन, मंग मी काय सांगू?"

"मानसं घे आत," हेमसिंग म्हने.

मानसं तं आता गोदामाच्या दारापर्यंत उभी होती, ज्याच्या त्याच्या बायकोनं घरी नाई तं बैलापाशी जाऊन सांगतलं होतं. वीसच्या जागी चाळीस बसले. शेठ परत आला, सोता मशीनपाशी गेला, बह्या वर केल्या अन् म्हने, "सरक तू. तिकडं लोकाईत बस अन् तिथून कसं येते ते आयक. बनवनाऱ्यानं एकदा तरी समोर बसून आयकावं."

हेमसिंग जाऊन सतरंजीवर बसला, मांडीले मांडी लावून, एका बाजूले गाठी अन् दुसऱ्या बाजूले इंझोरीचा एक म्हातारा, मफलर काढून कान मोकळे करून बसलेला. टेप सुरू झाली. इथून खरंच लय चांगलं येत होतं, पेटी कुठं हाय तेही समजत नव्हतं, फक्त रुपाच होती. बाप झाला, याडी झाली, काका झाला. म्हातारा मान खाली घालून आयकत होता. किसनसिंग झाला. मंग हेमसिंगचं नाव आलं, अन् म्हाताऱ्यानं मान वर केली.

"हा कोन हाय?"

"भाऊ असन," हेमसिंग म्हने.

दुसऱ्यांदा नाव आलं.

"आला नाई तो," म्हातारा म्हने.

"आला असन. दिसत थोडंच हाय त्याच्यात."

"नाई आला." म्हातारा त्याले समजवाले लागला, हळूच, लहान्या पोराले सांगावं तसं. "माह्या तीन पोरी गेल्या सासरी. गळ्यात पडली का पोरीचा आवाज आपल्या खांद्यात जाते. कापडात जाते. बापाच्या बखतीले दबला, मायच्या बखतीले दबला, तुमी आयकलं ना? हा पाहा कसा मोकळाच येऊन राह्यला. समोर कोनीच नाई तिच्या."

शेठनं आवाज आजून थोडा वाढवला. सतरंजीवरची सारी मानसं पुढं सरकली, अन् तिसऱ्यांदा नाव आलं.

"कुठं असन बरं?" म्हातारा म्हने.

"चुप बसा ना, बाबा," मागून कोनी तरी म्हटलं. "आयकू द्या."

म्हातारा पुन्हा मान खाली घालून आयकाले लागला. रुपानं श्वास घेतला, जराशी थांबली, अन् मंग दुसऱ्याचं नाव घेतलं.