झोफकाची मूठ

मित्रांनो, माझ्या पोटात पन्नास लिटर मावतात. मी बिअर शिजवण्याचा विजेचा हंडा आहे. तळापासून चार बोटे वर माझी कॉइल आहे. ती पाण्यात बुडालेली असेल तोवरच माझे काम नीट चालते. ती उघडी पडली, की तिच्यावरचा सातूंचा गोड काढा करपतो आणि तीही जळते.

सेल नावाच्या गावाजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झोफकाने मला बारा वर्षे वापरले. मोड आणून वाळवलेले सातू भरडायचे, माझ्या जाळीच्या टोपलीत भिजवायचे, टोपली उचलून उरलेला काढा तासभर उकळायचा आणि दारातल्या वेलाची, बिअरला कडवट चव देणारी हॉपची फुले त्यात घालायची, हे सारे ती एकटी करी. उकळताना माझ्या अंगावर तळहात ठेवून ती माझी गुणगुण ऐके. लोक तिच्या बिअरची स्तुती करीत आणि ती मला घासून पालथा घाली.

गेल्या हिवाळ्यात झोफका वारली. वर्षभर मला कुणी हात लावला नाही. वेलाकडेही कुणाचे लक्ष नव्हते, म्हणून यंदा जेमतेम एक बरणी फुले निघाली. कपाटाच्या दाराआड तिच्या अक्षरात लिहिले होते, ‘दहा लिटरला एक मूठ’. तिचा नवरा लुडविक कित्येक दिवस ती ओळ वाचत उभा राही.

एके दिवशी तो मुलीला म्हणाला, “नीवेस, थोडी थोडी करून बघतो. तिच्यासारखी जमली तर ठीक. ही बरणी संपेपर्यंत नाही जमली, तर वेल उपटतो आणि हा हंडा भंगारात देतो. मला रोज बघवत नाही.”

मित्रांनो, मी ते ऐकले. भंगारवाल्याची गाडी दर गुरुवारी आमच्या रस्त्याने जाते.

पहिल्या खेपेला लुडविकने बारा लिटर पाणी ओतले. शेजारचा म्हातारा वायरमन स्टान्को दारात टेकून उभा होता.

“एवढ्या हंड्यात एवढंसंच? अरे, गाईच्या गोठ्यात कोंबडी बांधलीस की!”

“तू तोंड बंद ठेव. कॉइल बुडालीय ना? मग झालं.”

पण सातूंनी तीन लिटर पाणी पिऊन टाकले. टोपली उचलताच काढा खाली गेला आणि कॉइलवर जेमतेम दोन बोटे उरला. लुडविकने मूठभर फुले टाकली. माझी आच मात्र पन्नास लिटरचीच होती. वाफ भसाभसा जात होती. माझी गुणगुण बारीक झाली, मग चरचर सुरू झाली. झोफकाने ती अंगणातूनही ऐकली असती. हे दोघे भांडत बसले होते! धूर दिसला तेव्हा लुडविकने धावत बटण बंद केले.

त्याने चमचाभर चाखले आणि थुंकले. “जळकं. आणि कडू तर कसलं! हिची अशी नसायची.”

नीवेसने बरणी उचलली. अर्धी रिकामी झाली होती. “बाबा, मूठ कुणाची घातलीत?”

“माझी. आणखी कुणाची?”

“तुमची मूठ म्हणजे फावडं आहे! आईचे हात आठवा.” तिने स्वतःचा लहानसा पंजा त्याच्यापुढे धरला. लुडविकने तो पाहिला. मग उठून बाहेर गेला.

तो परतला तेव्हा त्याच्या हातात झोफकाची दुधाची उंच स्टीलची किटली होती. त्याने ती नदीच्या गोट्यांनी भरली, उकळत्या पाण्याने धुतली आणि तोंड वर राहील अशी माझ्या पोटात उभी केली. जागा कमी झाली, पाणी वर चढले. स्टान्कोने आच अर्ध्यावर आणणारे बटण बसवून दिले.

दुसऱ्या खेपेला कुणी हसले नाही. नीवेसने आपली मूठ भरून फुले घातली. पाऊण तास गेला. काढा उतरत उतरत कॉइलच्या वर दोन बोटांवर आला. किटली खडखडू लागली. माझा आवाज बारीक झाला.

“अरे, मी काय म्हणतो...” स्टान्को बोलू लागला.

“गप्प!” लुडविकने माझ्या अंगावर तळहात ठेवला. चटका बसला तरी काढला नाही. “नीवेस, गरम पाणी! हळूहळू ओत.”

पाणी आले. माझी गुणगुण पुन्हा भरीव झाली. त्या तासात त्याचा हात तीनदा भाजला.

मग बिअर आंबून तयार होईपर्यंत चार आठवडे थांबावे लागले. चार गुरुवार गाडी येऊन गेली.

पाचव्या आठवड्यात लुडविकने बाटली उघडली. एक घोट घेतला. दुसरा घेतला. नीवेस विचारत होती, “बाबा? बोला ना, कशी झालीय?” तो कपाटाकडे गेला, पेन्सिल घेतली आणि त्या ओळीखाली लिहिले, ‘मूठ नीवेसची’.

मित्रांनो, मोठ्या भांड्यात थोडेसे शिजवायची वेळ कुणावरही येते. तेव्हा आधी रिकामी जागा भरा, आच कमी करा आणि भांड्याजवळ बसून त्याचा आवाज ऐका. आम्हाला सांगता येत नाही, पण आम्ही गप्पही नसतो.

त्या गुरुवारीही गाडी आली. लुडविक दारात वेलाला नवी दोरी बांधत होता. त्याने वळूनही पाहिले नाही.