यंत्राचा वाटा

दोन बाजूंच्या दोरांनी किनाऱ्यावर ओढायचं रापणीचं जाळं समुद्रात अर्धवर्तुळ टाकून होडी परत आली, तेव्हा ओरोसच्या मत्स्य कार्यालयातून आलेला तरुण अधिकारी बूट हातात घेऊन वाळूत उभा होता. त्याला आज गंगारामचा होकार हवा होता. जाळं ओढायच्या यंत्राला सरकार साठ टक्के अनुदान देणार होतं, आणि मार्च संपायच्या आत पैसे खर्ची पडायला हवे होते.

गंगाराम रापणीचा म्होरक्या. पाण्याच्या कडेला उभं राहून तो हात वर-खाली करायचा, म्हणजे कोणत्या बाजूनं जोर लावायचा ते ओढणाऱ्यांना कळे. सरकारी पैशाबद्दलचं त्याचं मत साऱ्या वाडीला पाठ होतं. मागे जाळी शिवायला म्हणून एक शेड मिळाली होती. वर पत्रे, खाली गुळगुळीत फरशी, आणि होड्या जिथे कधीच लागत नाहीत नेमकी ती जागा. बकऱ्यांना ती फार आवडली.

पण यंत्राला नको म्हणणं जड जात होतं. तरणी मुलं पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवण्यात गुंतलेली, उरलेली गोव्याला कामावर. आणि त्याच्या बायकोचा, आनंदीचा, उजवा हात दोर ओढून ओढून खांद्याच्या वर जाईनासा झाला होता. अंबाडासुद्धा ती सुनेकडून बांधून घेत होती.

"काका, फुकट गावता ता कित्याक सोडतास?" पुतण्या निकेतनं सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

"फुकट नाय रे. कोणीतरी भरता, तेवाच सरकार देता."

अधिकाऱ्यानं अदबीनं अट सांगितली. यंत्र दहा जणांच्या गटाला मिळेल, नावं आजच हवीत. मासळीही मग त्या दहांचीच.

गंगारामनं दोराकडे पाहिलं. तीसेक माणसं लागली होती. शेवटी ऐंशीची सावित्री होती. ती दोर ओढत नसे, दोराला धरून उभी असे. तिच्यामुळे जाळं उलट जड होतं, अशी तिची रोज थट्टा चाले. पण दोराला हात लावला त्याला वाटा, हा रापणीचा नियम. तिचे बांगडे तिला मिळत.

बाकीच्यांना मजुरी द्या, असं अधिकाऱ्यानं सुचवलं.

गंगाराम ठेवणीतल्या मराठीत म्हणाला, "साहेब, मजुरी दिली की ही माणसं माझी चाकर झाली. आज ती रापणीची मालक आहेत."

निकेत चिडला. नियम सांभाळा, म्हणाला, पण काकीच्या खांद्याचं काय ते सांगा.  

उत्तर आनंदीनं दिलं, दोर न सोडता.

"जाळ्याक वाटो आसा, होडयेक वाटो आसा. मगे यंत्राक एक वाटो दिलो तर काय बिघडात? आपणच घेवया. सरकार कित्याक व्हया?"

ओढणारे क्षणभर थांबले. निकेतचा राग कुठच्या कुठे गेला. मालवणात एका ट्रॉलरवरचं जुनं यंत्र विकायला आहे आणि मालक हप्त्यानं देईल, हे त्याला लगेच आठवलं. यंत्र आलं की ओढायला माणसं कमी लागतील, पण दोराला हात लावायला कोणाला बंदी नव्हती. गंगारामनं मनात हिशेब केला. त्या एका वाट्यातून यंत्र दोन मोसमांत फिटलं असतं.

"साठ टक्के सोडताय तुम्ही," अधिकारी कळवळून म्हणाला.

"ज्यांना हवेत त्यांना द्या," गंगाराम म्हणाला. " नाहीतर शिल्लक ठेवा. सरकारकडेही कधी काही शिल्लक पडू दे."

शिल्लक ठेवायची सोय नसते, असं अधिकारी इतक्या प्रामाणिकपणे बोलला की सगळे हसले. तोही हसला.

आनंदी दोर सोडून पुढे आली.

"ता यंत्र येईसर माझ्या जाग्यार तुमी ओढा," ती नवऱ्याला म्हणाली.

वीस वर्षांत गंगारामनं दोर धरला नव्हता. त्यानं चार जणांच्या तोंडाकडे पाहिलं, लुंगी वर खोचली आणि सावित्रीच्या पुढे, आनंदीच्या जागी जाऊन उभा राहिला. आनंदी पाण्याच्या कडेला गेली, डावा हात वर केला आणि त्याच्या बाजूला जोर लावायची खूण केली.