तळातली फळं

शौकत बागवान माणसं तोंडावरून ओळखायचा नाही, क्रेटवरून ओळखायचा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात तीस वर्षं आडतीवर उभं राहिलं की कुणालाही हे जमेल, असं तो सांगायचा. पण सांगताना मिशीतल्या मिशीत असा हसायचा, की दुसऱ्या कुणाला हे जमणार नाही याची त्याला खात्री असल्याचं ऐकणाऱ्याला कळायचं. वरचा थर लालबुंद लावून खाली गोटीएवढी बारकी फळं भरणारा माणूस मांडवात मोठा आहेर माइकवरून पुकारून घेतो. मधल्या थरात एखादंच फुटकं फळ दडवणारा सख्ख्या भावाशी बांधावरून बोलत नाही. आणि क्रेट काठोकाठ भरून वर आणखी दोन फळं ठेवणारा घरात बायकोला घाबरून असतो. अशी एकेकाची नोंद त्याच्या डोक्यात पक्की होती. ती सहसा चुकत नसे, आणि न चुकण्याचा त्याला थोडा माजही होता.

राजुरीच्या हौशीरामपुढं मात्र त्याची ही विद्या चालायची नाही, कारण तिथं ओळखण्यासारखं काही नव्हतंच. वर जसं फळ, तसंच खाली. व्यापारी बोली लावण्याआधी क्रेटात कोपरापर्यंत हात खुपसून तळातलं फळ वर काढतात, ही बाजाराची रीत. हौशीरामच्या क्रेटात मात्र कुणी हात घालत नसे. एखाद्या नवख्यानं घातलाच, तर शौकत म्हणायचा, "पावणं, हात काढा. त्यात नुसते टोमॅटोच हायेत."

हौशीराम सकाळी टेम्पोतून माल उतरवायचा, शौकतबरोबर कपभर चहा घ्यायचा आणि लिलावाला न थांबताच परत जायचा. क्रेट भरायला तो सुनेला, मजुराला, कुणालाही हात लावू देत नसे. पिंपळाच्या झाडाएवढं त्याचं वय झालंय, असं बाजारात चेष्टेनं म्हणत. खरं तर सत्तरी नुकतीच ओलांडली होती.

या हट्टामागची गोष्ट तो दर हंगामाला एकदा सांगायचाच. नऊ वर्षांचा असताना आई अंबाबाईबरोबर तो आळ्याच्या बाजाराला बोरं विकायला बसला होता. पोरानं हुशारी केली, किडकी बोरं टोपलीच्या तळाला घातली. सगळी टोपली एकाच गिऱ्हाइकानं घेतली. घरी येताना त्यानं ही हुशारी आईला मोठ्या कौतुकानं सांगितली. अंबाबाई रस्त्यातच थांबली, पोराला मागं फिरवलं, गिऱ्हाइकाचं घर हुडकून काढलं आणि त्याच्याच ओट्यावर बसवून सगळी बोरं निवडायला लावली. परतताना तिनं त्याला एका माणसाची हकिगत सांगितली. तो म्हणे किडकी वांगी तळाला घालून विकायचा आणि शेवटी पोटात कळा येऊन गडाबडा लोळत मेला.

"आय म्हनली, दडवल्यालं कुजकं कुटं जात न्हाई. ते घरात परत येतं आन् पोटात उतरतं," हौशीराम सांगायचा. "मी आठ दिस पोट दाबून बघत व्हतो."

"भाऊ, तसं असतं तर निम्मा बाजार दवाखान्यात नसता का झोपला?" शौकत चिडवायचा.

"हास. तुला तुझ्या आयनं भ्या घातलं न्हाई म्हनून हासतोस."

अंबाबाईनं तो वांगीवाला बहुधा त्याच रस्त्यावर, चालता चालता जन्माला घातला असावा. आया असं करतात, आणि पोरं मिसरूड फुटेपर्यंत ते विसरून जातात. हौशीराम विसरला नाही. साठ वर्षं तो पहाटे उठून मळ्यात गेला तो पैशाच्या ओढीनं नव्हे, की हौसेनंही नव्हे, तर त्या भीतीपोटी. क्रेट स्वतः भरून त्याचा तळ स्वतः पाहिला, की त्याला दिवस सुखाचा जायचा.

तीन वर्षांमागं हौशीरामची बायको बयाबाई एकटीच बाजारात आली. बांगड्या घ्यायला आलेय म्हणाली, पण उभी राहिली ती शौकतच्या आडतीसमोर.

"शौकतभाऊ, ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. मान्य करत न्हाईत. काल भरल्याल्या क्रेटात मी बघितलं, खाली अळीची फळं हायेत, मऊ पडल्याली हायेत."

"मग सांगा की त्यांना, वैनी. ऑपरेशन काय, अर्ध्या तासाचं काम."

"आवं, माज्या भावाचा डोळा गेला तसल्या आपरेशनच्या शिबिरात. टेबलावर चढायचे न्हाईत. आन् सांगितलं की खाली कुजकं जातंय, तर उद्या मळा सोडतील. मळा सोडला तर हा मानूस बसून बसून मरंल." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तुमी तेवढं बघून घ्या. त्यांना कळू देऊ नका."

शौकतलाही एक आई होतीच. तिचं नाव सायराबानू. ती म्हणायची, दुसऱ्याचा ऐब, म्हणजे खोट, दिसली तर त्यावर आपली चादर टाकावी. अल्ला आपल्यावर टाकतो तशी. शौकत बाजारात सगळ्यांची टिंगल करायचा, पण कुणाचा क्रेट त्यानं कधी भर लिलावात पालथा केला नव्हता. त्यामुळं बयाबाईचं काम त्याला जड वाटलं नाही. उलट आपल्या मनाजोगतं काम मिळालं, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून हौशीरामचा टेम्पो वळला, की शौकत आणि माल निवडणारी साळुबाई त्याचे क्रेट पत्र्याच्या शेडमागं नेऊन उपसायची. कुजकं बाजूला, त्या जागी दुसरं चांगलं फळ. पहिल्या हंगामात क्रेटामागं चार-पाच फळं निघायची. तिसऱ्यात ओंजळ भरू लागली. तरी व्यापारी हात घालत नव्हते, आणि हौशीराम चहा पिताना म्हणत होता, "अजून नाव हाय रं आपलं."

यातल्या मधल्या वर्षात बयाबाई गेली. पोटात गाठ निघाली, पुण्याला नेली, दोन महिन्यांत संपली. मातीला शौकत गेला होता. हौशीराम पंधरा दिवस आला नाही, मग पुन्हा येऊ लागला. मळ्यानं त्याला उभं केलं, असं सगळे म्हणाले. शौकतनं मनातल्या मनात बयाबाईला सांगितलं, वैनी, तुमचा अंदाज बरोबर होता.

मग तो शुक्रवार आला. आळेफाट्याजवळ टेम्पो पंक्चर झाला आणि हौशीराम ऐन लिलावाच्या वेळी पोचला. शौकत जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. क्रेट तसेच उतरले, तसेच ओळीत लागले. एका नव्या व्यापाऱ्यानं हात घातला. त्याला थांबवायला कुणी नव्हतं. हात बाहेर आला तो मनगटापर्यंत कुजक्या रसानं माखलेला.

कुणीतरी फिदीफिदी हसलं. "घ्या! राजुरीचा हरिश्चंद्र बी आपल्यातलाच निघाला!"

साळुबाईला ते सोसलं नाही. ती कमरेवर हात ठेवून पुढं झाली. "तोंड सांभाळ! बाबांच्या मालाला नाव ठेवायचं न्हाई. आज मालक न्हाईत म्हनून निवडायचं राह्यलं, न्हायतर तीन वर्सं आमी रोज..."

तिथं तिला कळलं आणि ती थांबली. पण तोवर बोलून झालं होतं, आणि मागं उभ्या हौशीरामनं ते ऐकलं होतं.

शौकत डोक्यावरची टोपी न काढताच धावत आला, तेव्हा हौशीराम पालथ्या केलेल्या क्रेटापुढं उकिडवा बसला होता. एकेक फळ नाकाशी नेऊन वास घेत होता. कुजकं डाव्या हाताला ठेवत होता, चांगलं उजव्या. भोवतीची माणसं आता हसत नव्हती.

"किती वर्सं?" त्यानं वर न बघता विचारलं.

"भाऊ, चला, आधी चहा घेऊ."

"किती वर्सं, शौकत?"

"हा तिसरा हंगाम."

हौशीरामचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला. एक, दोन, तीन. शौकतला आधी वाटलं, म्हातारा किती क्रेट झाले ते मोजतोय. अंगठा पाचव्या का सहाव्या पेरावर थांबला, ओठ हलले, दुसरा हात पोटाशी गेला, आणि शौकतला कळलं. म्हातारा महिने मोजत होता. पहिलं कुजकं फळ गेलं त्या दिवसापासून बयाबाईच्या पोटात पहिली कळ आली तोवरचे.

हौशीराम उठला, क्रेट तिथंच टाकून टेम्पोत जाऊन बसला. त्यानंतर तो आला नाही. फोन उचलला नाही.

बाराव्या दिवशी सुनेचा, अश्विनीचा फोन आला. "चाचा, तुमी एकदा येऊन जा. आबांनी ठिबकचा व्हॉल्व बंद केलाय. मी उघडला की परत बंद करतात. फळं झाडावर सुकायला लागलीत. जेवत पण नाहीत नीट, पोट दाबून बघत बसतात."

शौकत मोटारसायकलवर राजुरीला गेला. मळ्यात तारेवर चढवलेल्या वेलांची पानं गोळा झाली होती. हौशीराम शेडच्या सावलीत बाजेवर बसला होता. पावलांच्या आवाजावरून त्यानं ओळखलं.

"ये. बस."

शौकत बसला. रस्ताभर त्यानं बोलायचं ठरवून आणलं होतं: गाठीचा आणि टोमॅटोचा काय संबंध, डॉक्टर काय म्हणाले होते, शहरातल्या लोकांना नाही का गाठी होत. तो ते सगळं बोलला. हौशीरामनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, जसं बोली संपेपर्यंत शेतकरी ऐकून घेतो.

"बरूबर असंल तुझं," तो म्हणाला. "डाक्टर बी शिकल्यालाच व्हता, तरी ती वाचली न्हाई. पन शौकत, कळ माज्या पोटात याया पायजे व्हती. तिच्या का आली? एकच सांग. तिला म्हाईत व्हतं का?"

माणसांच्या नोंदी ठेवणाऱ्या शौकतच्या डोक्यानं पटकन दोन्ही बाजू मांडून बघितल्या. माहीत होतं म्हणावं, तर बयाबाई दडवणारी ठरते, आणि म्हाताऱ्याच्या हिशेबानं आपल्या करणीनंच गेली असं होतं. माहीत नव्हतं म्हणावं, तर निष्पाप बाई नवऱ्याच्या कुजक्या मालापायी गेली, असं होतं. कुठूनही बघितलं तरी म्हातारा बुडतच होता.

त्याला पदराचं टोक बोटाला गुंडाळणारी बयाबाई आठवली. आईची चादरही आठवली, आणि ती या वेळी कुठल्या अंगानं टाकायची ते समजलं.

"वैनीला काय बी म्हाईत नव्हतं," तो म्हणाला. "आन् तुमाला दिसतच नव्हतं. ज्याला दिसत न्हाई तो काय दडवनार, भाऊ? दडवलं मी. शेडच्या मागं नेऊन, माज्या हातानं. तुमच्या आईनं सांगितलंय तसं काही असंलच, तर ते माज्या नावावर हाय. तुमच्या घरात यायचं त्याला कारन न्हाई."

हौशीरामचा हात चाचपडत आला, शौकतच्या खांद्यावरून सरकत खाली त्याच्या सदऱ्यावर, पोटाशी थांबला.

"का केलंस रं असं?"

"तुमी मळा सोडाल म्हनून."

"सोडलाच की." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज तसाच राहिला. "लई चांगला मानूस हायेस तू. चांगल्या मानसाच्या पोटात ते उतराया नको व्हतं."

"मला काय झालं न्हाई, भाऊ. पोरगी पानी सोडतीय, सोडू द्या तिला. डोळ्याचं बघू. मी येतो संगं दवाखान्यात."

"नको. एक जरी फळ पिकलं तर ते इकावं लागंल. इकलं की तुज्याकडंच येनार. तुज्या नावावर अजून कशाला वाढवू?"

शौकतला म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं. ते उतरलं होतं खरं, पण आपल्या क्रेटाच्या तळाची जी भीती म्हाताऱ्याला साठ वर्षं मळ्यात नेत होती, तीही त्या ओझ्याबरोबर गेली होती. बयाबाई ज्याला भ्याली होती ते बाजेवर समोर बसलं होतं.

अश्विनी दोन कपांत चहा घेऊन आली. वासावरून हौशीरामनं हात आडवा केला.

"त्याला चहा नको देऊ पोरी. पोटात जळतं. दूध आन. कोमट कर, आन् जरा हळद टाक."

"आबा, चाचांना काय झालंय?"

"आन म्हनलं ना."

शौकतला दुधाचा वास लहानपणापासून सहन होत नसे. बाजारात हे सगळ्यांना माहीत होतं, हौशीरामलाही. पितळी पेला काठोकाठ भरून आला. वेलांवरून सुकल्या पानांची सळसळ येत होती. शौकतनं पेला तोंडाला लावला आणि श्वास रोखून एका दमात रिकामा केला.

हौशीरामनं त्याच्या हातातून पेला काढून घेतला, दोन बोटं आत घालून तळ चाचपला, आणि पेला सुनेपुढं धरला.

"अजून दे," तो म्हणाला.